वजन तेच, छर्रा दुसरा: आपल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपला अभिप्राय वाचला. आपल्या एअरगनचे नेहमीचे जर्मन बनावटीचे 8.2 ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे माप) चपट्या तोंडाचे छर्रे संपल्यामुळे आमच्या दुकानाने आपल्याला त्याच वजनाचे दुसरे छर्रे दिले. घरी दहा मीटरवर पाच बार काढल्यावर जी छिद्रे पूर्वी एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात, ती आता दहाच्या नाण्याखालीही मावत नाहीत. फोडलेली डबी आम्ही परत घेतली नाही. आणि शेतात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी काडतुसात भरायच्या बुलेटबद्दल विचारले असता आम्ही उडवाउडवीची उत्तरे दिली, असे आपण लिहिले आहे. शेवटी 'वजन सारखे सांगून फसवले' असेही वाक्य आहे.

फसवण्याचा हेतू नव्हता, पण चूक आमची आहे. त्या दिवशी काउंटरवर असलेल्या मुलाने 'वजन सारखंच शे भाऊ' एवढे सांगून डबी आपल्या हातात दिली. वाक्य खोटे नव्हते, मात्र छर्रा निवडताना जे सर्वांत आधी विचारायला हवे ते त्याने विचारलेच नाही, आणि त्याला ते शिकवण्याचे काम माझे होते.

नमुना म्हणून आणलेली जुनी डबी आपण काउंटरवरच विसरून गेला होता. तिच्यात बारा छर्रे शिल्लक होते. अभिप्राय वाचल्यावर ते बारा आणि आपल्याला दिलेल्या मालापैकी दुसऱ्या डबीतले बारा असे दोन्ही मी शेजारच्या सराफाच्या काट्यावर एकेक करून तोलले. सोन्याचा तो काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो आणि 8.2 ग्रेन म्हणजे साधारण 0.53 ग्रॅम. आपले जुने छर्रे 0.528 ते 0.534 ग्रॅमच्या आत भरले, तर नवे 0.521 पासून 0.541 पर्यंत पसरलेले निघाले. सरासरी दोन्हींची सारखीच, म्हणजे डबीवरचा आकडा खरा. फक्त त्या सरासरीने नेम लागत नाही. (सराफाने 'शिसं तोलायला आलात का?' असे विचारून मला चहा पाजला, तो भाग वेगळा.)

परंतु खरे कारण मला वजनात दिसत नाही. आपल्या जुन्या डबीच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर 4.49 असा आकडा आहे आणि नव्या डबीवर 4.52. हा छर्ऱ्याच्या डोक्याचा मिलिमीटरमधील व्यास होय. दोन्ही छर्रे .177 इंच या एकाच बोअरचे (नळीच्या मापाचे) असले, तरी नळीतील आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, डोके किती घट्ट बसते हे या शंभराव्या भागातल्या फरकावर ठरते. आपली रायफल नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी आहे. अशा रायफलीत मोठ्या डोक्याचा छर्रा अंगठ्याने दाबताना तोंडाशीच अडतो, मऊ शिसे किंचित वाकडे बसते, आणि छर्रा जागचा हलायला जो वेळ लागतो तो दर बाराला बदलल्यामुळे पिस्टनचा धक्काही दर वेळी निराळा बसतो. पुढच्या वेळी अंगठ्याकडे लक्ष द्यावे: हलक्या दाबाने छर्रा सरळ आत जाऊन तोंडाशी सपाट बसला तर तो आपल्या नळीचा. घरंगळत आत गेला तर सैल, आणि नख लावावे लागले तर घट्ट.

म्हणून नेहमीचा माल नसेल तेव्हा आधी डोक्याचा व्यास जुळवावा, मग आकार पाहावा, आणि वजन त्यानंतर. कागदी लक्ष्यासाठी आपण चपटे तोंड वापरता ते योग्यच आहे, कारण त्याचे छिद्र स्वच्छ कापले जाते, पण 4.49 चे चपटे छर्रे मिळाले नाहीत, तर 4.52 च्या चपट्यापेक्षा 4.49 चे गोल डोक्याचे मी आधी तपासून पाहीन. आणखी एक सांगायचे राहिले होते. छर्रा बदलल्यावर नळीत जुन्या शिशाचा थर असतो, त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस बारांवरून निकाल काढू नये. आपण पाचांवरून काढला. अर्थात पंचवीसनंतरही 4.52 आपल्या रायफलीत फारसे सुधारले असते असे मला वाटत नाही.

आता बुलेटविषयी. आवडती शिकारी बुलेट मिळाली नाही की अमेरिकेतले लोक त्याच वजनाची दुसरी आणून घरीच काडतुसे भरतात, असा दाखला आपण दिला आहे. तिथे जाणकार मंडळी नेमके हेच टाळतात. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम आणि तांब्याची 8.96, त्यामुळे त्याच वजनाची संपूर्ण तांब्याची बुलेट शिशाच्या गाभ्याच्या बुलेटपेक्षा लांब होते. ती केसमध्ये (काडतुसाच्या नळकांड्यात) जास्त खोल बसली की दारूसाठी जागा कमी उरते आणि दाब वाढतो. तिला स्थिर ठेवायला नळीच्या आट्यांचा पीळही अधिक लागू शकतो. शिवाय लक्ष्यावर पोचताना वेग पुरेसा नसेल तर ती नीट उमलत, म्हणजे पसरत नाही. म्हणून बुलेट बदलली की ते लोक दारूचे जुने माप तसेच ठेवत नाहीत, त्या बुलेटच्या उत्पादकाने छापलेल्या कमी मापापासून पुन्हा सुरुवात करतात. वजनाचा एकच आकडा पाहून निवड करण्याची चूक तिथे नेम चुकण्यावर थांबत नाही.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न इतका पुढे जातच नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे परवानगीशिवाय रानडुकराचीही शिकार करता येत नाही. शेतात रानडुकरे शिरतात हा आपला त्रास खरा आहे, त्यासाठी वन विभागाकडे अर्ज करून नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा. एअरगनने डुक्कर जखमी तेवढे होईल. मी त्या दिवशी केवळ 'आमच्याकडे नाही' म्हणालो. कारण सांगितले असते तर ते उत्तर उडवाउडवीचे वाटले नसते.

फोडलेली डबी परत न घेण्याचा नियम कायम राहील, कारण हाताळलेले मऊ शिसे दुसऱ्या ग्राहकाला विकता येत नाही. आपल्या बाबतीत सल्लाच आमचा चुकला होता, म्हणून ती डबी जितकी उरली असेल तितकी घेऊन यावी, पूर्ण पैसे परत मिळतील. मुंबईहून 4.49 चा माल कधी येईल याची तारीख मी देत नाही, कारण मागच्या महिन्यात दिलेली तारीख टळली. तोवर 4.49, 4.50 आणि 4.51 या तिन्ही व्यासांचे दहा-दहा सुटे छर्रे आपल्यासाठी पुडीत बांधून ठेवले आहेत, त्यांचे पैसे नकोत. आपली जुनी डबी गल्ल्याशेजारी आहे. आतले बाराही छर्रे मोजून पाहावेत.

आपला,
दुकानमालक, धुळे