बारा सेकंद थांबा

आम्ही पाच जण लातूरला आमच्या माडीवर एक रविवार सोडून एक डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फासे टाकत एक गोष्ट रचत जायचा खेळ. मी डीएम, म्हणजे ते चौघं हिरो आणि बाकी उरलेलं सगळं जग मी, राजा मीच, राक्षस मीच, खानावळवाला पण मीच. सुरुवातीला लई मजा होती राव. पहिल्या लेव्हलला तीन गोब्लिन आले तरी आमच्यातल्या अडतवाल्याचा पुजारी (खेळातलं त्याचं पात्र) घाम पुसायचा. विसाव्या लेव्हलला 3,55,000 एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) लागतात हे पुस्तकात वाचून मी निवांत होतो, म्हणलं तिथवर कोण जातंय, लग्नं होतील, पांगतील. लग्नं झाली. पांगलं कोणी नाही.

आता सगळे सतराव्या लेव्हलला आलेत आणि माझं जगणं अवघड झालंय.

मागच्या महिन्यात तीन आठवडे जागून मी वाळवंट केलं, तुटका पूल केला, पुलाखाली दबा धरलेले दरोडेखोर केले, त्यांच्या म्होरक्याला तर एक सावत्र भाऊ पण दिला. मास्तरनं (हा क्लासमधे फिजिक्स शिकवतो, मंत्रांचं पुस्तक लातूर पॅटर्नसारखं पाठ) लांबूनच जादूनं पलीकडचा किल्ला बघून घेतला आणि म्हणाला, टेलिपोर्ट, म्हणजे क्षणात थेट तिथं. संपलं. सावत्र भाऊ अजून पुलाखालीच बसलाय बिचारा.

त्यात मास्तरकडं आता विश आहे, म्हणजे मागाल ते. अडतवाला दर वेळी म्हणतो, मांजरा धरण भरून माग. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार. पण असलं मनाचं काही मागितलं तर विश पुन्हा कधीच न जमण्याचा 33 टक्के धोका असतो, म्हणून मास्तर ती एफडीसारखी जपून ठेवतो. मग पुजारी पहिल्या लेव्हलचा मंत्र टाकून दहा गॅलन पाणी काढतो. दहा गॅलन म्हणजे अडतीस लिटरच्या आसपास, एक टाइम आंघोळ न् भांडी.

तर परवाचा रविवार. म्हातारा लाल ड्रॅगन, 546 हिट पॉइंट, म्हणजे तेवढा मार खाल्ल्यावर मरणार. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन साडेदहाला लढाई सुरू. नियमानं एक राउंड म्हणजे सहा सेकंद. दीड वाजला तेव्हा आमचे बारा सेकंद झाले होते. बँकवाल्याचा योद्धा एका टर्नला सहा घाव घालतो, प्रत्येकाचा फासा वेगळा, डॅमेज वेगळं, आणि हा बँकेत असून बेरीज मोबाइलवर करतो. मास्तरनं स्वतःचा बर्फाचा डुप्लिकेट करून आणला होता, त्याला 1,500 मोहरांचा माणकाचा चुरा लागतो, ते पैसे सामायिक खात्यातून का गेले यावर अडतवाल्याचा अर्धा तास. आता दोन मास्तर. एकच झेपत नव्हता!

ड्रॅगनला दिवसातून तीनदा फेल झालेला सेव्ह, म्हणजे मंत्रापासून वाचायचा फासा, पास करून घेता येतो. ते तिन्ही मी दोन वाजेपर्यंत उधळले. चौथ्यांदा पॉलिमॉर्फ आला, समोरच्याला दुसरा प्राणी करून टाकायचा मंत्र. मला 19 पाहिजे होते, फाशावर चार, त्यात ड्रॅगनचे स्वतःचे नऊ, तेरा.

ड्रॅगनची शेळी झाली.

शेळीला चार हिट पॉइंट, ते संपले की पुन्हा ड्रॅगन, म्हणून मास्तर ओरडत होता हात लावू नका, बांधून ठेवा, तासभर टिकते. अडतवाला म्हणे बकरी ईदच्या आधी विकू. आणि बँकवाला, ज्याची टर्न चाळीस मिनिटांनी आली होती, तो म्हणाला, मी मारतो.

"अबे काहून?"

"मग काय बघत बसू का?"

पहिल्याच घावात ड्रॅगन परत. फासा पलंगाखाली गेला, तो काढायला तिघं आडवे, तेवढ्यात आई जिना चढून दारात.

"काय करायलाव रे? जेवायचं का न्हाई?"

"काकू, फक्त बारा सेकंद थांबा," बँकवाला पलंगाखालूनच म्हणाला.

आई काही बोलली नाही, खाली जाऊन तिनं भाताखालचा गॅस बंद केला.