ॲन स्टीलचा 'बुडालेला नवरदेव'

अठराव्या शतकातली, बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातली इंग्लिश भक्तिगीतकार ॲन स्टील हिच्याबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलाय. लग्नाच्या आदल्या दिवशी वाग्दत्त वर नदीत बुडून मेला, त्याच दिवशी तिने आपलं सर्वांत गाजलेलं गीत लिहिलं, आणि मग जन्मभर अंथरुणाला खिळून कुढत गीतं रचली. गोष्ट चटका लावणारी आहे, म्हणूनच ती तपासायच्या फंदात कोणी पडत नाही.

बुडण्याची घटना खरी आहे. जेम्स एल्कोम नावाचा तरुण 1737 मध्ये इंग्लंडमधल्या रिंगवुडजवळ एव्हन नदीत आंघोळीला उतरला आणि बुडाला. पण लग्न ठरलं होतं, तारीख धरली होती, याला त्या काळातला कागद नाही. त्याचं तिच्यावर मन असेलही. मुहूर्त मात्र पुढच्या चरित्रकारांनी काढला.

'त्या दुःखात ती अविवाहित राहिली' हे तर टिकतच नाही. 1742 मध्ये बेंजामिन बेडम या पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) तिला पत्र लिहून रीतसर मागणी घातली. तिने नकार दिला. (बेडमने पुढे स्वतः शेकड्यांनी गीतं लिहिली. हे स्थळ काही वाईट नव्हतं!) खात्यापित्या घरातली, लिहिण्यात रमलेली बाई लग्नाला नको म्हणू शकते, एवढं मान्य करायला बुडालेला नवरदेव कशाला लागतो?

आजारपण खरं. तापाने आणि दुखण्यांनी तिला पिडलं, शेवटची काही वर्षं खोलीतच गेली. पण त्याआधी हॅम्पशरमधल्या ब्रॉटन गावी लाकडाचे व्यापारी आणि पाळक असलेल्या वडिलांच्या घरात ती वावरत होती, मैत्रिणींना पत्रं लिहीत होती, कविता करत होती. 1757 च्या घरच्या डायरीत नोंद आहे की आज 'नॅनी'ने (म्हणजे ॲनने, हे तिचं घरातलं नाव) आपल्या रचनांचा काही भाग छापायला लंडनला पाठवला. देव तिला नम्र ठेवो, अशी प्रार्थनाही सोबत आहे. कुढत पडलेल्या मुलीसाठी घरचे अशी प्रार्थना करत नाहीत.

राहिलं ते गाजलेलं गीत. 'ऐहिक सुख नाकारलंस तरी शांत, कृतज्ञ मन दे' अशी देवबापाला विनवणी करणारं हे गीत छापलं गेलं 1760 मध्ये, एल्कोमच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. ते त्या दिवशी लिहिल्याचा पुरावा शून्य. शिवाय चर्चमध्ये जमणाऱ्या मंडळ्या गातात ती मूळच्या दहा कडव्यांपैकी शेवटची तीनच. आधीची सात गाळली की उरलेल्या तिनांत कुणालाही हवी ती शोककथा बसवता येते.

तिचं खरं कर्तृत्व त्या फॉरवर्डमध्ये येतच नाही. 1769 च्या ब्रिस्टॉलच्या बॅप्टिस्ट गीतसंग्रहात तिची 62 गीतं घेतली गेली. ज्या मंडळ्यांत बाईला व्यासपीठावरून बोलायची मुभा नव्हती, तिथे तिचे शब्द सगळे मिळून गात होते. ती 'थिओडोशिया' या टोपणनावाने लिहायची, त्यामुळे संग्रहात गीतांपुढे त्या नावाचं इंग्रजी आद्याक्षर, नुसतं 'टी', छापलेलं असे.