बाँड हसवतोय, तर हसा की!

दर वेळी तेच! रविवारी रात्री विश्रामबागेतल्या आमच्या घरी भडंगाचं पातेलं मधे ठेवून १९६७ चा 'कसिनो रॉयाल' लावला की दहाव्या मिनिटाला भाचा विचारणार, "मामा, यात डॅनियल क्रेग कुठाय?" अरे बाबा, तो २००६ च्या 'कसिनो रॉयाल'मधला बाँड! हा बाँडचीच टर उडवणारा सिनेमा आहे.

"स्टोरीच कळंना." कशी कळंल? श्रेयनामावलीत पाच दिग्दर्शक, आणि शत्रूला चकवायला सगळ्याच हेरांचं नाव जेम्स बाँड ठेवलंय, बायकांचंसुद्धा! गोंधळ हाच तर विनोद. (शेवटची मारामारी म्हणजे नुसती जत्रा, कबूल. तिथं मीही चहा ठेवायला उठतो.) पण 'डॉ. नो' या पहिल्या बाँडपटातली नायिका उर्सुला अँड्रेस इथं विनोदी नट पीटर सेलर्सला गुंडाळते, खलनायक झालेला ऑर्सन वेल्स पत्त्यांच्या टेबलावर जादूचे प्रयोग करतो, त्याचं कुणाला काही नाही. ही पोरं आधी मोबाईलवर रेटिंग बघणार, मग सिनेमा दीडपट वेगानं पळवणार आणि वर मलाच ऐकवणार, "ग्राफिक्स गंडलंय, मामा." १९६७ ला ग्राफिक्स?

आणि भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून संपवले, ते वेगळंच!