1985चा तो ‘सेफ’ आणि आमचं कॉफमन

परवा जेवताना पुन्हा तोच बेसबॉलचा वाद: 1985 ची अंतिम मालिका कार्डिनल्स पंचांच्या एका चुकीमुळे हरले का? मैत्रीण सेंट लुईसची, तिथल्या कार्डिनल्स संघाची कट्टर चाहती. आम्ही कॅन्सस सिटीच्या रॉयल्सवाले. 1985 साली आमच्यापैकी कुणी अमेरिकेत नव्हतं, मी तर कोल्हापुरात शाळेत होते. पण कॅन्सस सिटीत घर केलं की 26 ऑक्टोबर 1985 चुकत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, आधी चार सामने जिंकेल तो विजेता. तिचा हा सहावा सामना. कार्डिनल्स सिरीजमध्ये 3-2 ने पुढे आणि सामन्यातही 1-0 ने. नववी इनिंग, रॉयल्सची शेवटची बॅटिंग. होर्हे ऑर्टाने चेंडू सरपटी मारला, कार्डिनल्सच्या जॅक क्लार्कने तो उचलून पहिल्या बेसवर धावत आलेल्या आपल्या टॉड वॉरेलकडे दिला. चेंडू ऑर्टाच्या आधी पोचला, म्हणजे तो आउट होता. पंच डॉन डेंकिंगर यांनी सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. रॉयल्स 2-1 ने जिंकले आणि दुसऱ्या दिवशी सातवा सामना 11-0 ने.

मी रॉयल्सची असूनही म्हणते, तो आउटच होता. डेंकिंगर यांनीही चित्रण पाहिल्यावर चूक कबूल केली. त्यानंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्याला माझ्याकडे क्षमा नाही. पण त्या एका निर्णयाने सिरीज गेली हे मला मान्य नाही. त्याच इनिंगमध्ये रेषेबाहेर उडालेला एक उंच चेंडू (फाउल) कार्डिनल्सना झेलता आला नाही, पुढे त्यांच्या कॅचरच्या हातून चेंडू निसटला. आणि 11-0 चं काय?

आज तो निर्णय काही मिनिटांत फिरला असता. 2014 पासून असे निर्णय व्हिडिओवर तपासता येतात. 2026 च्या मोसमापासून तर टाकलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्यात होता की नाही, म्हणजे स्ट्राइक की बॉल, यावरही दाद मागता येते. बॅटर, पिचर किंवा कॅचरने डोक्यावर हात टेकवला की झालं. क्रिकेटच्या डीआरएसमध्ये आपण पाहिलेलं हॉक-आयच इथे वापरतात. पंचांचा मान जातो म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चूक तिथल्या तिथे सुधारली, तर पंचांना आयुष्यभर ती वाहावी लागत नाही.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. पंचाचा एकेक निर्णय तपासून मागणारे हेच लोक नव्या स्टेडियमच्या बाबतीत संघमालकांचा शब्द जसाच्या तसा घेतात. 2 एप्रिल 2024 ला आमच्या जॅक्सन काउंटीत मतदान झालं. डॉलरमागे तीन-अष्टमांश सेंटचा विक्रीकर आणखी 40 वर्षं चालू ठेवायचा, त्यातून रॉयल्सना शहराच्या मध्यात नवं स्टेडियम आणि चीफ्स या इथल्या फुटबॉल संघाच्या स्टेडियमची डागडुजी. शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट, ऐकायला किरकोळ वाटतं. पण नव्या स्टेडियमसाठी निवडलेल्या ईस्ट क्रॉसरोड्स भागातली चालती दुकानं उठणार होती आणि नेमके करार काय, हे मतदानाला जाईपर्यंत आमच्यासमोर नीट आलंच नाही. मी ‘नाही’ म्हटलं. सुमारे 58 टक्के लोकांनी तेच म्हटलं.

नवऱ्याचा मुद्दा मी धुडकावत नाही. कॉफमनला, म्हणजे रॉयल्सच्या सध्याच्या स्टेडियमला, गाडीशिवाय जाता येत नाही, भोवती नुसतं पार्किंग. मध्यात स्टेडियम असतं तर स्ट्रीटकारने जाता आलं असतं. खरं आहे. पण स्टेडियममुळे शहराचा पैसा परत येतो, हा दावा अर्थतज्ज्ञांनी कितीतरी शहरांत तपासलाय, आणि बहुतेक ठिकाणी तो टिकलेला नाही.

आणि कॉफमन ही काही मोडकळीची जागा नव्हे. 1973 सालचं, फक्त बेसबॉलसाठी बांधलेलं. त्या काळात बाकीची शहरं बेसबॉल-फुटबॉल एकत्र चालतील अशी गोल स्टेडियमं उभारत होती. इथे कुठेही बसा, खेळ दिसतो. मला पहिल्यांदा बसल्यावर कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदानच आठवलं. शाहू महाराजांनी आखाडा मधोमध खाली ठेवून भोवती चढत्या पायऱ्या केल्या, म्हणून मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. आउटफिल्डमागची कारंजी तर रात्री डोळ्यांत भरून राहतात. 2009 पर्यंत ह्याच करातून मोठं नूतनीकरण झालंय. त्याचे पैसे आम्ही अजून भरतोय!

कॉफमनचं सध्याचं लीज (भाडेकरार) जानेवारी 2031 ला संपतं. पुढचा जो करार असेल त्यात आमचे पैसे असतील, तर त्याची आकडेवारी मतपत्रिकेआधी पूर्ण छापा. कोणाची दुकानं जाणार, खर्च वाढला तर कोण भरणार, लीज किती वर्षांचं, सगळं. मग मी नीट वाचून मत देईन, कदाचित ‘हो’ सुद्धा.