वडिलांचं ‘डी’ ९ होतं, म्हणून कॅन्सर झाला का?

ताई, वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. त्यांना पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा ‘डी’ जीवनसत्त्व फक्त ९ होतं, तुमच्या जीन टेस्टमध्येही व्हीडीआर या जीनमध्ये (पेशीत ‘डी’ला पकडणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, बनवणारा जीन) ‘फॉक-वन’ नावाचा फरक निघाला, आणि तरी मी माझ्या लेखात ‘डीने कॅन्सर टळतो हे सिद्ध नाही’ लिहून लोकांचा स्वस्त उपाय हिरावतो, असं तुम्ही म्हणता.

ते ९ निघालं निदान झाल्यावर. तोवर अशा माणसाचं जेवण कधीचं तुटलेलं असतं, बाहेर पडणं थांबलेलं असतं. परळच्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. असे रिपोर्ट रोज हातात यायचे, आणि लोकल पकडून धावत येणाऱ्या धडधाकट माणसांचंही डी दहा-बाराच निघायचं. मुंबईत ऊन रग्गड, पण सकाळी गाडीत आणि दिवसभर ऑफिसात बसणाऱ्याच्या अंगावर ते पडतं किती?

कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे कळायला निरोगी माणसांना आधीपासून गोळी देऊन बघावं लागतं. अमेरिकेत २५,८७१ जणांवर हे केलं. निम्म्यांना रोज २००० युनिट, बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांनी कॅन्सर होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. जपानमध्ये पचनमार्गाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ४१७ जणांत, पाच वर्षं आजार न उलटता जगलेले ‘डी’ची गोळी घेणारे ७७ टक्के, नुसती दिसायला तशी गोळी घेणारे ६९. मलाही तो फरक खरा असावा असं वाटतं, पण इतक्या थोड्या माणसांत तो योगायोगानेही पडतो.

फॉक-वन हा दोष नाही. त्याच्यामुळे डीच्या रिसेप्टरचं प्रथिन ४२४ किंवा ४२७ अमिनो आम्लांचं होतं, इतकंच. दोन्ही प्रकार तुमच्या सोसायटीत मजल्यागणिक सापडतील. पोटाच्या कॅन्सरशी त्याचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्या रिपोर्टवर विसंबून दर आठवड्याला ६०,००० ची पुडी वर्षभर घेत राहू नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डी कमी असेल तर हाडांसाठी डॉक्टरांना विचारून जरूर घ्या.

खरी काळजी मला दुसरीच आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या पोटात राहणाऱ्या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ सालीच कॅन्सरकारक ठरवलं. तुम्ही सख्खी मुलगी, म्हणून त्याची तपासणी करून घ्याच. श्वासाची किंवा शौचाची टेस्ट असते. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती दोन आठवडे आधी बंद करावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. जंतू निघालाच तर साधारण दोन आठवड्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो.

एक चूक मात्र माझी. ‘जीन टेस्ट निरुपयोगी’ असं मी सरसकट लिहिलं होतं, ते आज लेखात दुरुस्त केलं. सीडीएच-वन जीनमधला बिघाड घराण्यात उतरतो आणि त्याने तरुणपणीच पोटाचा कॅन्सर होऊ शकतो. बाबांचा बायोप्सीचा कागद असेल तर त्यात ‘डिफ्यूज’ (विखुरलेल्या पेशींचा प्रकार) शब्द आहे का बघा. असेल, आणि त्यांचं वय पन्नाशीच्या आत असेल किंवा घरात आणखी कोणाला हाच आजार झाला असेल, तर तो कागद घेऊन जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा.