‘सहा महिन्यांतून एकदा पाय लावून या’ म्हणे!

पुण्या-ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेचं ग्रीन कार्ड दहा वर्षांचं असतं. सहा महिन्यांतून एकदा तिकडे पाय लावून आलं की झालं. वर्ष उलटलंच, तर मुंबईच्या कॉन्सुलेटमधून री-एंट्री परमिट काढता येतं. परमिट असलं की सिटिझनशिपची पाच वर्षंही मोडत नाहीत.’ चार वाक्यं, आणि चारही गोत्यात आणणारी.

दहा वर्षं ही त्या प्लास्टिकच्या कार्डाची मुदत, तिथे कायम राहण्याच्या हक्काची नव्हे. सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त अमेरिकेबाहेर काढलं, तर कार्डावरची तारीख शिल्लक असूनही नुसतं ते दाखवून परत शिरता येत नाही.

सहा महिन्यांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो गैरसमज इतका चिवट. 180 दिवसांच्या आत परतलेल्याला सहसा नव्याने प्रवेश मागणारा म्हणून तपासत नाहीत. पण खरा प्रश्न असतो, तुमचं घर नक्की कुठे? दर साडेपाच महिन्यांनी मुलाकडे पंधरा दिवस, आणि फ्लॅट, डॉक्टर, भिशी सगळं कोथरूडला, असं असेल तर एकही मुक्काम सहा महिन्यांचा नसला तरी वास्तव्य सोडल्याचा संशय घेतला जाऊ शकतो. अशा वेळी तिकडचं बँक खातं, राहत्या जागेचे कागद, रहिवासी म्हणून भरलेले टॅक्स रिटर्न कामी येतात. कर वाचवायला ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून रिटर्न भरणारे महाभागही असतात. ते आपल्याच हाताने वास्तव्य सोडल्याचं लिहून देतात.

री-एंट्री परमिट म्हणजे लांब मुक्कामानंतरही परत शिरण्याची आगाऊ परवानगी. त्याचं वाक्य तर सपशेल चूक. त्यासाठीचा आय-131 हा अर्ज दाखल करताना तुम्ही अमेरिकेतच असावं लागतं. मंजूर परमिट परदेशातल्या कॉन्सुलेटमधून घेण्याची सोय अर्जात आहे. घोटाळा बहुधा तिथेच झालाय. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि ती वाढवून मिळत नाही. परमिट न काढताच वर्ष उलटलं, तर उरतो एसबी-1, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. त्यासाठी दाखवावं लागतं की परतायचा इरादा कायम होता आणि मुक्काम लांबला तो आपल्या हातात नसलेल्या कारणाने. ‘पुतण्याचं लग्न होतं’ एवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही.

सिटिझनशिपचा हिशेब वेगळाच. त्यासाठी ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षांचं अखंड वास्तव्य लागतं. सहा महिन्यांहून लांब मुक्काम झाला की वास्तव्य खंडित झालं असं धरतात. तसं नव्हतं हे तुम्ही पटवून द्यायचं. वर्षभर बाहेर राहिलं की परमिट असूनही ते मोडतं. शिवाय पाच वर्षांत किमान 30 महिने प्रत्यक्ष तिथे राहिलेलं लागतं.

मेसेजमध्ये नसलेली, पण असायला हवी होती अशी एक गोष्ट. विमानतळावर अधिकाऱ्याने आय-407 पुढे केला, तर सही करण्याची सक्ती नाही. तो स्वखुशीने ग्रीन कार्ड सोडण्याचा फॉर्म आहे. नकार देऊन इमिग्रेशन जजपुढे सुनावणी मागता येते. लांबच्या प्रवासाने शिणलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या आई-बाबांना हे घरून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.