न वाचणारे फक्त मतदारच?

‘लॉस एंजेलिस काउंटीत लोक प्रस्ताव न वाचताच गोल काळे करतात’ हे लेखातलं वाक्य खटकलं. इथे, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखी), मतदार उमेदवारांबरोबरच कर-कायद्यांच्या प्रस्तावांवरही थेट मत देतात, आणि मतपत्रिका महिनाभर आधी टपालाने घरी येते. 2024 च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीसाठी आम्ही दोघं नवरा-बायको दोन रात्री जेवणाच्या टेबलावर प्रस्तावांची माहितीपुस्तिका उघडून बसलो होतो, वरण निवून साय धरेपर्यंत. राज्याचेच 10 प्रस्ताव, काउंटीचे, म्हणजे ‘मेझर’, वेगळे! बेघरांसाठीचा अर्धा टक्का विक्रीकर, म्हणजे ‘मेझर ए’, चटकन समजला. अडलो ते ‘मेझर जी’पाशी: काउंटीचा कारभार पाहणारे, निवडून आलेले पर्यवेक्षक 5 चे 9 करायचे आणि मुख्य कार्यकारी थेट निवडून द्यायचा. एकेका पर्यवेक्षकामागे साधारण 20 लाख माणसं, म्हणजे आपल्या खासदाराएवढा पसारा. पटलं, ‘हो’ भरलं. प्रस्ताव जेमतेम पास झाला.

आणि 2025 च्या उन्हाळ्यात कळलं की, या ‘जी’मुळे 2020 साली मतदारांनीच मंजूर केलेला ‘मेझर जे’ 2028 मध्ये रद्द होणार! काउंटीच्या ठरावीक निधीतला किमान 10 टक्के वाटा तुरुंगाऐवजी वस्त्यांवर आणि तुरुंगवासाला पर्याय ठरणाऱ्या सोयींवर खर्च करायचा, असा तो ठराव. त्याचा मजकूर काउंटीच्या सनदेत, म्हणजे तिच्या कारभाराच्या मूळ नियमावलीत, चढवायचाच राहून गेला होता म्हणे, त्यामुळे ‘जी’ने सनद बदलताना ‘जे’ गळून गेला. पगारी वकिलांच्या नजरेतून जे सुटलं, ते आम्ही चष्मा पुसून पुसून शोधायला हवं होतं का? लेखकाने मतदारांना आळशी ठरवण्याआधी निदान या घोळाचा उल्लेख तरी करायचा.